हिरव्या वाडग्यात अंबाडी कळकली: तांब्याच्या झिलईबद्दल बोलायचंय

गोदाकाठ (नांदेड) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून मातीची भांडी करते. घरामागं छोटं शेड आहे, एक चाक, एक विजेची भट्टी. पणत्यांपासून सुरुवात केली, आता वाडगे, मग, ताटल्या करते.

गेल्या आठवड्यात आईकडं गेले होते. मीच दिलेल्या हिरव्या वाडग्यात तिनं रात्री उरलेली अंबाडीची भाजी काढून ठेवली होती. सकाळी भाजी काढली तर वाडग्याच्या आत, भाजी टेकली होती तिथपर्यंत, रंग उतरलेला. वर चकचकीत हिरवा, खाली फिका, राखाडी. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. आईनं भाजीचं एक बोट चाटून बघितलं आणि म्हणाली, "कळकली गं."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याबद्दल, त्यातल्या आंबट पदार्थाला धातूची चव आली की. माझ्या हातच्या भांड्याला तो लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. दोन रात्री झोप नाही.

झिलई अशी आहे: फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनी माती, व्हायटिंग (खडूची भुकटी) आणि बोरॉनचं फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच), वर रंगासाठी ५ टक्के कॉपर कार्बोनेट, म्हणजे तांबं. भाजणी कोन ६ ची, म्हणजे १२२० अंशांच्या आसपास. (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, ठरलेली आच लागली की तो वाकतो.) शिसं कुठंच नाही, फ्रिटही बिनशिशाचं मागवते. याच झिलईचे १४ वाडगे मी दिवाळीच्या प्रदर्शनात विकलेत.

हा रंग मला सोडायचा नाही, हेही सांगते. कोबाल्टचा निळा ठाम असतो, कुठंही टाका, तो निळाच. तांबं तसं नाही. ते आजूबाजूला काय आहे ते बघून रंग धरतं. झिलई जाड बसली तिथं शेवाळलेल्या विहिरीसारखं, पातळ झाली तिथं कोवळ्या ज्वारीच्या पानासारखं, आणि काठावर कधीकधी नुसतं धुरकट. एका वाडग्यात चार हिरवे दिसतात. पण आईच्या ताटात कळकलेली भाजी पडणार असेल तर काय करू? ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणानं सांगा.

---

रसायनवही (परभणी) | रविवार, रात्री ११:१५

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही हे लपवलं नाही, इथं मांडलं, याचं मला फार बरं वाटलं. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्या आधारावर लिहितो. मातीत हात मात्र घातलेला नाही, तेवढं धरून वाचा.

झिलई म्हणजे काच. भांड्यावर वितळून बसलेली पातळ काच. सिलिका हा तिचा सांगाडा. नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून तिच्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन अशी वितळवणारी द्रव्यं घालतात. अ‍ॅल्युमिना, जी तुमच्या चिनी मातीतून आणि फेल्डस्पारमधून येते, ती या काचेला घट्टपणा देते. तांबं या सांगाड्याच्या पोकळ्यांत जाऊन बसतं. सांगाडा दाट असेल तर ते आत कोंडलेलं राहतं. सांगाडा विरळ असेल, किंवा तांबं पोकळ्यांत मावणार नाही इतकं असेल, तर आंबट पदार्थ त्याला बाहेर ओढतो. आम्लातले हायड्रोजन आयन आत शिरतात आणि धातूचे आयन बाहेर पडतात. रंग उतरला तो यामुळं. खरखरीत लागलं, म्हणजे काचेचा वरचा थरच खाल्ला गेलाय.

म्हणजे तांबं वाईट की चांगलं, हा प्रश्नच नाही. काचेनं त्याला धरून ठेवलंय का, हा प्रश्न आहे. तुमच्या रेसिपीत दोन गोष्टी मला खटकतात. एक, ५ टक्के हे पुष्कळ झालं. हिरव्या रंगाला १ ते ३ टक्के पुरतं. त्यापुढं काच तांब्यानं भरून जाते, जास्तीचं तांबं पृष्ठभागावर येऊन बसतं आणि आणखी वाढवलं तर काळी, धातूसारखी चमक येते. दोन, तुमची भट्टी खरोखर कोन ६ पर्यंत गेली का? आकड्यावर जाऊ नका. कोन वाकला होता का?

---

मोसंबीवाला (जालना) | सोमवार, सकाळी ६:२०

मी शेतकरी माणूस, प्रश्न वेडगळ वाटला तर माफ करा. मोसंबीला डिंक्या रोग येऊ नये म्हणून आम्ही दरवर्षी खोडाला बोर्डो पेस्ट लावतो. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. खोड असं निळंशार दिसतं की येणारा-जाणारा थांबून बघतो. तांब्याचा रंग तोच ना? मग मोरचूदच भांड्याला लावून भाजलं तर? माझी मुलगी शाळेत मातीची भांडी शिकायली, तिला करून बघायचंय.

---

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

दादा, मोरचूद नको. ते पाण्यात विरघळतं. भांड्यावर लावलं की पाण्याबरोबर कच्च्या मातीच्या आत शिरतं, वाळताना काठाकडं सरकतं, हाताला लागतं, आणि भट्टीत त्यातला गंधक धुरावाटे बाहेर पडतो. तो धूर छातीला वाईट. आम्ही कॉपर कार्बोनेट नाहीतर कॉपर ऑक्साइड वापरतो, ते पाण्यात विरघळत नाही. पण तेही पोराच्या हाती देऊ नका. भुकटी नाकातोंडात जाते. मी स्वतः मास्क लावूनच तोलते, फरशी झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसते. मुलीला आत्ता गेरू आणि पांढरी माती द्या. गेरूनं घोटलेलं भांडं कसं खुलतं ते तिला बघू दे.

सर, कोनाचं विचारलंत. मी वरच्या फळीवर एकच ठेवते. खालच्या फळीवर ठेवलाच नव्हता. शोधते.

---

आव्यातली राख (बीड जिल्हा) | सोमवार, दुपारी २:३०

आम्ही कुंभार. आजा, बाप, मी. माझ्या पोराला चाकावर बसायचं नाही, तो भाग वेगळा.

मला एक सांगा, भांड्याला काच लावायची गरजच काय? आमच्या माठाला झिलई नाही. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, हवेला लागतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. काच लावली तर माठ मेला. रांजण, गाडगं, येळणी, संक्रांतीची सुगडं, आखितीची केळी म्हणजे छोटी मडकी, सगळं तसंच. गाळाची माती, त्यात लीद, राख, वरून गेरू. आवा लावला की गवऱ्या, तुराट्या, पाचट, आणि सकाळपर्यंत वाट बघायची. यात विष कुठून येणार?

ताई, तुमच्यावर राग नाही. पण शहरात आता "हँडमेड" म्हणून चमकणारी भांडी हजार रुपयाला जायलीत आणि आमचं गाडगं वीस रुपयाला घासाघीस करून घेतात. आता तेच म्हणायलेत चमकणाऱ्यात तांबं सुटतं. ह्याचं काय करायचं?

---

गोदाकाठ | सोमवार, दुपारी ३:१०

काका, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. माठाबद्दल तुम्ही बरोबर आहात, त्याला झिलई लावणं म्हणजे त्याचं काम काढून घेणं. पण आव्याची आच ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते, भांडं सच्छिद्र राहतं. त्यात पाणी छान, पण आमटी, तेल, ताक मुरतं, वास धरतं. रोज घासून वापरायच्या वाडग्याला काच लागते. दोन्ही भांड्यांची कामं वेगळी आहेत. किमतीचं दुःख मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

---

देवगिरीचा चढ (छत्रपती संभाजीनगर) | सोमवार, संध्याकाळी ७:५०

रंगाचा विषय निघालाय तर मला राहवत नाही.

दौलताबादच्या किल्ल्यात शिरलं की डावी-उजवीकडं बघत पुढं जाताना चांद मिनार लागतो. १५व्या शतकात अलाउद्दीन बहमनीनं बांधलेला. आज तो मातकट गुलाबी दिसतो, पण एकेकाळी त्याला इराणी पद्धतीच्या निळ्या झिलईच्या फरशा होत्या. वर चिनी महाल आहे. त्याचं नावच त्या फरशांवरून पडलंय. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर औरंगजेबानं तिथल्या शेवटच्या कुतुबशहाला, अबुल हसन तानाशहाला, याच महालात कैदेत ठेवलं. भिंतीवर अजून थोडे निळे तुकडे टिकून आहेत. संध्याकाळचं ऊन तिरकं आलं की ते ओले असल्यासारखे दिसतात.

इराणी कारागिरांची रीत अशी: गडद निळा कोबाल्टचा, आणि फिरोजी तांब्याचा. फिरोजी यायला झिलईत सोडियम-पोटॅशियम भरपूर लागतं. तेच तांबं कॅल्शियम किंवा शिशाच्या झिलईत टाकलं तर हिरवं होतं. जयपूरच्या ब्लू पॉटरीतला फिरोजीही तांब्याचाच. ती माती नव्हे बरं का, क्वार्ट्झची भुकटी, काच, मुलतानी माती आणि डिंक यांचा गोळा असतो, कमी आचेवर भाजलेला.

मला वाटतं आपण भिंतीची झिलई उचलून ताटात आणली, तिथं चूक झाली. भिंतीवरच्या फिरोजीत कुणी ताक वाढत नव्हतं.

---

रसायनवही | सोमवार, रात्री ८:३०

देवगिरी, फार छान लिहिलंत, आणि शेवटचं वाक्य रसायनाच्या अंगानंही खरं आहे. फिरोजीला जे भरपूर सोडियम लागतं, तेच काचेचा सांगाडा कमकुवत करतं. शिवाय अशी झिलई थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिच्यावर केसासारखे तडे पडतात. रंग जितका फिरोजी, तितकी ती झिलई जेवणाच्या भांड्याला कमी लायक, असा साधारण नियम धरायला हरकत नाही. बेरियम घालून आणलेला मॅट निळा तर ताटात अजिबात नको, बेरियम कार्बोनेट स्वतःच विषारी.

---

अंबाजोगाईची सून (अंबाजोगाई) | मंगळवार, सकाळी १०:४५

मी भांडी करत नाही, विकत घेते. घरात अशी सहा-सात आहेत: दोन हिरवे मग, एक निळसर बाऊल, एक मोठी ताटली जिच्यावर तांबूस-सोनेरी चमक आहे. आमच्याकडं कैरीचं लोणचं, चिंचेचं सार, पंचामृत, ताक, सगळं आंबट. माझ्या सासूबाईंचा नियम होता, ताक कधी पितळेत ठेवायचं नाही, आणि वर्षातून एकदा कल्हईवाला आला की सगळी पातेली बाहेर. कल्हईवाला आता येत नाही, पातेली माळ्यावर गेली. पण हा नियम मला या नव्या भांड्यांना लावावासा कधी वाटला नाही, कारण मी त्यांना "काच" समजत होते.

घरच्या घरी बघायचा काही उपाय आहे का?

---

रसायनवही | मंगळवार, सकाळी ११:३०

आहे. लिंबाची जाड फोड कापून भांड्याच्या आत रंगावर ठेवा, वर ताटली झाका, रात्रभर राहू द्या. किंवा पांढरं व्हिनेगर अर्ध्या भांड्यापर्यंत ओता आणि पुरता एक दिवस ठेवा. मग धुऊन, पुसून उजेडात बघा. रंग बदलला, चकाकी गेली, रेघ उमटली, तर ते भांडं जेवणातून बाद.

पण हे नीट लक्षात ठेवा: रंग बदलला तर भांडं नापास, मात्र रंग तसाच राहिला म्हणजे पास असं नाही. डोळ्यांना दिसायला बरंच तांबं सुटावं लागतं. शिसं तर दिसतच नाही, त्याला रंग नसतो. प्रयोगशाळेतली चाचणीही याच धर्तीवर असते: ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, खोलीचं तापमान, २४ तास, आणि मग त्या द्रावणात धातू किती उतरला ते मोजायचं. भांड्यांसाठीचे नियम मुख्यतः शिसं आणि कॅडमियमचे आहेत. तांब्यासाठी आपण पिण्याच्या पाण्याची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवू शकतो. भारतीय मानकात ती लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटना २ म्हणते.

सोनेरी-तांबूस चमकेची ताटली मात्र चाचणी न करताच भिंतीवर टांगा. तशी चमक बऱ्याचदा राकू पद्धतीनं आणतात: लालबुंद भांडं भुशात टाकून धूर देतात. झिलई कमी आचेची, तड्यांची असते. ती चमकही काही वर्षांत हवेनं मंदावते.

---

लेकरांचा डॉक्टर (लातूर) | मंगळवार, रात्री १०:२०

उशिरा वाचलं. दवाखान्यातून आत्ताच आलो.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण अंबाजोगाईच्या ताईंनी सासूबाईंचा नियम सांगितला म्हणून लिहितो. तांबं शरीराला लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम. जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एकाच वेळी पुष्कळ पोटात गेलं तर मळमळ, उलटी, पोटात मुरडा. तोंडाला कळकट धातूची चव आधीच येते, म्हणून मोठा माणूस सहसा पुढं खात नाही. ज्यांना विल्सनचा आजार आहे त्यांचं यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही, त्यांनी अशा भांड्यांपासून लांबच राहावं.

लेकरांचं वेगळं. एकेकाळी आपल्याकडं तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर यावर काम केलं, आणि १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं जनावराचं दूध लवकर सुरू करणं हे त्यामागचं कारण असू शकतं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. पुढं घराघरांत दुधाची भांडी बदलली, स्टील आलं, आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. मी शिकत असताना आमच्या सरांनी त्याची वर्णनं सांगितली होती. प्रत्यक्ष रुग्ण मी पाहिला नाही, आणि ते आपलं भाग्य आहे.

काचेत बांधलेलं तांबं आणि उघडं पितळ एक नाही, हे मला मान्य. पण ज्या वाडग्यातून ते उतरतंय हे डोळ्यांना दिसलंय, त्यात लेकराचं दूध, पेज, वरणभात नको. यावर माझी तडजोड नाही.

---

आव्यातली राख | बुधवार, सकाळी ७:००

डॉक्टरसाहेब, हे वाचून गप्प बसलो. माझी आई लेकराचं दूध कधी पितळीत तापवू द्यायची नाही, मातीच्या डेऱ्यात नाहीतर कल्हईच्या भांड्यात. तिला कुणी सांगितलं होतं काय की.

आणि शिशाचं म्हणाल तर मला म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आठवतं, की काही ठिकाणचे लोक भांड्याला चमक आणायला मुरदाडशिंग घालायचे. आमच्या घरात कुणी घातलं नाही.

---

रसायनवही | बुधवार, सकाळी ९:१५

काका, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच दुसरा ऑक्साइड. कमी आचेत काच वितळवायला शिशाइतकं सोपं दुसरं काही नाही, म्हणून जगभरच्या कुंभारांनी ते वापरलं. त्याचा हिरवा रंगही तांब्याबरोबर फार देखणा येतो, पाचूसारखा. आणि धोका नेमका इथंच आहे. शिशाच्या झिलईत तांबं घातलं की ती झिलई आंबटात कितीतरी जास्त शिसं सोडू लागते. एकेकटी झिलई कदाचित धकली असती, दोघं मिळून धकत नाही. शिशाला शरीरात काही काम नाही, आणि त्याचं कमीत कमी प्रमाणही लेकरांच्या मेंदूला चालत नाही.

म्हणून विकत घेणाऱ्यांनी हिरवं भांडं घेताना करणाऱ्याला तोंडावर विचारायचं: शिसं आहे का, किती आचेवर भाजलं, आतली झिलई कोणती? ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून फुलदाणी घ्या, वाडगा नको.

---

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:००

सापडलं.

परवा भट्टी रिकामी लावली. तीन फळ्या, तिन्हींवर कोन ठेवले. पडद्यावर १२२० आलं, थोडा वेळ धरलं, बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर वरचा कोन ६ नीट वाकलेला, मधला अर्धवट, आणि खालचा सरळ उभा. जणू त्याला आच लागलीच नाही.

मग वही काढली. ते १४ वाडगे एप्रिलमध्ये भाजले होते. नांदेडच्या एप्रिलमध्ये संध्याकाळी विजेचा दाब काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. गिरणीवाल्या भाऊंकडून मीटर आणून मोजलं तर २३० च्या जागी २०० भरले. त्यांनीच समजावलं की तारेची शक्ती दाबाच्या वर्गानं बदलते. म्हणजे २०० वर भट्टीला पाऊणच शक्ती मिळते. ती रडत-रडत वर चढते, वरचा भाग कसाबसा तापतो, खालचा मागं राहतो. आणि तापमान मोजणारी तार माझ्या भट्टीत वरच्या बाजूला आहे. ती वरचंच खरं सांगत होती.

आईचा वाडगा खालच्या फळीवरचा. बुडावरची खूण तपासली. वरच्या फळीवरचा एक वाडगा माझ्याकडं शिल्लक आहे, त्यात व्हिनेगर एक दिवस ठेवलं. रंग उतरला नाही, पण चकाकी किंचित मंद झाली. म्हणजे कमी भाजणी हा एक दोष आणि ५ टक्के तांबं हा दुसरा. सर, तुमच्या दोन्ही शंका खऱ्या निघाल्या.

आता विकलेल्यांचं. मी सगळे परत मागवणार आहे. अकरा जणांचे फोन नंबर आहेत, तिघांनी रोख देऊन नेले, त्यांचा पत्ता नाही.

---

आव्यातली राख | शुक्रवार, रात्री ९:५०

ताई, वरच्या फळीवरचे कशाला परत घेता? ते टिकलेत की. लोकांना सांगा आंबट ठेवू नका. सगळे परत मागितले तर उद्या लोक मातीच्या भांड्यालाच हात लावायचे नाहीत, त्यात आम्हीही आलो.

---

लेकरांचा डॉक्टर | शुक्रवार, रात्री १०:४०

काका, तुमची भीती समजते. तरी मी ताईंच्या बाजूनं आहे. "आंबट ठेवू नका" हे आज लक्षात राहतं, सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या हातात तो वाडगा असतो.

---

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ११:०५

काका, मला उलट वाटतं. मी गप्प बसले आणि कुणाच्या घरी भाजी कळकली, तर ते एकमेकांना सांगतील की मातीची भांडीच वाईट. मी फोन करून सांगितलं की हा एक घाणा माझ्या भट्टीत कच्चा राहिला, तर दोष माझ्या भट्टीचा ठरेल, मातीचा नाही. तुमच्या गाडग्याला त्यातलं काही चिकटू नये, असं मला मनापासून वाटतं.

---

लाल तांबं (छत्रपती संभाजीनगर) | शनिवार, सकाळी ११:००

चार दिवस नुसता वाचतोय. मी गॅसच्या भट्टीवर काम करतो, १२८० अंशांच्या पुढं. सगळे हिरव्यावर बोलतायत, म्हणून तांब्याचं दुसरं रूप सांगतो.

भट्टीत हवा कमी केली, ज्योत धुरकट ठेवली, की आग स्वतःला लागणारा ऑक्सिजन झिलईतून खेचून घेते. मग तेच तांबं हिरवं न राहता लाल होतं. काचेच्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म कण तरंगतात, त्यांचा तो रंग. चीनमध्ये मिंग काळात, श्वान्द राजवटीत, १४२६ ते १४३५ दरम्यान, असे लाल कटोरे पूजेसाठी होत. त्याला तांबं लागतं किती? अर्ध्या टक्क्याच्या आसपास, सोबत चिमूटभर कथिलाचा ऑक्साइड. इतकंच. आणि तेवढ्यात पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल येतो, काठावर पांढरा होत जाणारा. दहा भाजण्यांत दोनदा साधतो. उरलेल्या वेळी यकृतासारखा तपकिरी, नाहीतर नुसता करडा. ज्या दिवशी तो साधतो त्या दिवशी मी भट्टीसमोरून उठत नाही.

इतक्या आचेला तांबं थोडं वाफ होऊन उडतं आणि शेजारच्या पांढऱ्या भांड्याच्या गालावर गुलाबी छटा टाकतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं कुणी हात लावला. म्हणून भट्टीच्या खोलीत खिडकी उघडी आणि माणूस बाहेर.

गोदाकाठ, माझा अनुभव सांगतो. जेवणाच्या भांड्याला आतून साधी पारदर्शक किंवा पांढरी झिलई, तांबं फक्त बाहेरून. आणि ओठ टेकतो त्या काठाच्या खाली दोन बोटं थांबायचं. रंग हातात धरायला मिळतो, तोंडात जात नाही.

---

अंबाजोगाईची सून | शनिवार, दुपारी १:२०

लिंबाची चाचणी केली. दोन मगांना काही झालं नाही. निळसर बाऊलमध्ये फोडीच्या आकाराचा गोल पांढुरका डाग पडलाय. त्यात मी गेलं वर्षभर दही लावत होते. बाऊलमध्ये आता तुळशीचं रोप लावते.

मग मात्र मनातून उतरलेत. आतून हिरवे आहेत ना.

---

रसायनवही | शनिवार, दुपारी २:००

मग फेकू नका. शिसं नाही असं करणाऱ्यानं सांगितलं तर पाणी प्या, चहा प्या. लिंबू सरबत, ताक, कोकम नको, आणि काहीही भरून ठेवायचं नाही. खात्रीच हवी असेल तर एक मग चाचणीला पाठवा, पण चाचणीचा खर्च मगापेक्षा जास्त होईल.

---

गोदाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, उशिरा येतेय, पण रिकाम्या हातानं नाही.

अकरापैकी नऊ वाडगे परत आले. एक बाई मुखेडहून एसटीनं स्वतः घेऊन आल्या. पैसे परत घेतले नाहीत, म्हणाल्या नवा द्या. दोघांनी सांगितलं की ते त्यात किल्ल्या ठेवतात, राहू दे. ज्यांचा पत्ता नाही त्या तिघांसाठी प्रदर्शनाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटोसकट लिहिलंय.

भट्टी आता रात्री अकरानंतर लावते, तेव्हा दाब २२५ च्या पुढं असतो. प्रत्येक फळीवर कोन. खालचा वाकला नाही तर त्या फळीवरचं एकही भांडं विकायचं नाही, पुन्हा भाजायचं. शेवटी १५ मिनिटं तेच तापमान धरून ठेवते.

नवी झिलई अशी: आतून बिनरंगी, तीच रेसिपी पण सिलिका आणि चिनी माती थोडी वाढवून. बाहेरून २ टक्के कॉपर कार्बोनेट. काठाखाली दोन बोटं सोडून. आतल्या झिलईत व्हिनेगर एक दिवस, मग लिंबू एक रात्र ठेवलं. रेघ नाही, खरखर नाही. तरी एक वाडगा प्रयोगशाळेत दिलाय, तांबं आणि शिसं दोन्ही मोजायला. अहवाल आला की जसा असेल तसा इथं टाकते.

रंगाबद्दल मला धाकधूक होती. २ टक्क्यांत तो खोल हिरवा येणार नाही असं वाटलं होतं. नाहीच आला. पण दुसरंच काही आलं: खाली जाड झालेल्या ठिकाणी पावसानंतरच्या करडईच्या शेतासारखा, वर जाता जाता इतका पातळ की मातीचा तांबूस रंग मागून दिसतो. लाल तांबं, तुम्ही म्हणालात तसं हातात धरल्यावर बोटांखाली तो रंग येतो.

आव्यातली राख काका गेल्या रविवारी शेडवर आले होते. त्यांनी वाडगा उलटा करून बुडाला जीभ लावून बघितली, चिकटली नाही, म्हणजे भांडं पक्कं भाजलंय. माझ्या चाकावर बसून पाच मिनिटांत एक गाडगं उभं केलं. ते वाळतंय. त्याला झिलई लावणार नाही.

---

अंबाजोगाईची सून | रविवार, रात्री ८:१०

मला दोन द्या. आतून बिनरंगी. त्यात कैरीचं लोणचं घातलं तर चालेल?

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:२५

ताटात वाढायला चालेल, जेवण झालं की रिकामा करून धुऊन ठेवा. मुरवायला नको. त्याला तुमच्या सासूबाईंची चिनीमातीची बरणी असेलच, तीच काढा. वाडगे अहवाल आल्यावर पाठवते, आधी नाही.